न मागता आलेले तीनशे युरो

सप्टेंबर २०२२ च्या माझ्या जर्मनीतल्या पगाराच्या स्लिपवर एक नवी ओळ होती. एनर्गीप्राइसपाउशाले, ३०० युरो. गॅस, वीज, पेट्रोल सगळंच महागलं म्हणून सरकारने नोकरी-धंदा करणाऱ्या प्रत्येकाला दिलेली एकरकमी मदत. मी हे आमच्या घरच्या ग्रुपवर सहज लिहिलं आणि तिथून जो वाद सुरू झाला तो दिवाळीचा फराळ संपला तरी संपला नाही. "म्हणजे जर्मनीतही रेवड्याच वाटतात," असं एका काकांनी लिहिलं. दुसऱ्या कुणी तीनशे गुणिले ऐंशी करून चोवीस हजार रुपये असा आकडा टाकला आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. माझ्या धाकट्या भावाने तर कराडहून फोनच केला. "आक्का, तुमचं बरं हाय. आमी पीएम किसानच्या दोन हजारासाठी केवायसी करत हिंडतोय आन् तुमाला पगाराबरोबर घरपोच."

भावाचं बोलणं मला लागलं नाही, त्याचं खरंच आहे. काकांचा मेसेज मात्र लागला. आठवडाभर मी त्याचं उत्तर मनात जुळवत होते आणि ते ग्रुपवर मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

युक्रेनचं युद्ध, रशियाचा गॅस वगैरे तुम्ही सगळं वाचलेलं आहे, ते पुन्हा सांगत नाही. इथल्या रोजच्या जगण्यात ते कसं उतरलं तेवढं सांगते. मी स्टुटगार्टच्या पूर्वेला फिल्स नदीच्या खोऱ्यात राहते, ग्योपिंगनजवळच्या एका गावात. नोकरी एसलिंगनच्या बाजूला. रोज बी १० महामार्गावरून जाणं-येणं. मार्चच्या मध्यात इथे पेट्रोल लिटरला २.२० युरोपर्यंत गेलं आणि डिझेल त्याच्याही वर, २.३२ युरोपर्यंत. जर्मन माणसाला दुसऱ्या आकड्याने जास्त हादरवलं. डिझेलवर कर कमी, म्हणून ते कायम स्वस्त असायचं. लांब पल्ल्याचे लोक मुद्दाम डिझेलची गाडी घेतात. त्यांचा वर्षानुवर्षांचा हिशेबच उलटा झाला.

इथल्या पंपांची एक गोष्ट मला इतक्या वर्षांतही पटलेली नाही. तेव्हा भाव दिवसातून कित्येकदा बदलायचा. सकाळी सातच्या सुमाराला, लोक कामावर निघतात तेव्हा सगळ्यात महाग आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान सगळ्यात स्वस्त. २०१३ पासून प्रत्येक पंपाला आपला भाव सरकारी यंत्रणेला लगोलग कळवावा लागतो आणि तो ॲपवर दिसतो, हे चांगलं आहे. पण त्याचा परिणाम असा, की शहाणीसुरती माणसं रात्रीचं जेवण उरकून टाकी भरायला बाहेर पडायची. कॅन्टीनमध्ये पहिला विषय तोच, काल रात्री किती वाजता भरलंस आणि कितीला मिळालं. आपल्याकडे भाव वाढतो तेव्हा वाढतो, पण सकाळी दुधाच्या गाडीला एक आणि रात्री मोटारीतल्या साहेबाला दुसरा असं निदान होत नाही. ज्याची पाळी सकाळी सहाला सुरू होते त्याने महाग का भरावं, हे मी अनेकांना विचारलं. बाजार आहे, असं उत्तर मिळतं. ते मला पुरत नाही.

तर सरकारने जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत तीन महिने इंधनावरचा कर कमी केला. पेट्रोलला लिटरमागे साधारण ३५ सेंट, डिझेलला १७. त्याच तीन महिन्यांत महिन्याला फक्त ९ युरोत देशभरातल्या सगळ्या बस, मेट्रो आणि पॅसेंजर गाड्यांचा पास. सत्तेतल्या एका पक्षाला पेट्रोल स्वस्त हवं होतं, दुसऱ्याला रेल्वे, मग दोन्ही झालं. आघाडी सरकार म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

कर कमी झाला तरी लोकांचं समाधान झालं नाही. सगळ्यांची खात्रीच होती की हे पैसे तेल कंपन्यांनी खिशात घातले. म्युनिकच्या इफो या आर्थिक संशोधन संस्थेने जूनमधले भाव तपासून सांगितलं की डिझेलची कपात जवळजवळ पूर्ण आणि पेट्रोलची साधारण ८५ टक्के गिऱ्हाइकापर्यंत पोचली आहे. मी हे कॅन्टीनमध्ये बोलून पाहिलं. कुणीही विश्वास ठेवला नाही. ऑगस्टमध्ये ऱ्हाइनचं पाणी इतकं आटलं की मालवाहू बोटी अर्ध्यामुर्ध्या भरून न्याव्या लागल्या, आणि आमच्या दक्षिणेकडे इंधन पुन्हा चढलं. मग तर लोकांनी सवलतीचा विषयच सोडला. ३१ ऑगस्टच्या संध्याकाळी पंपांवर रांगा लागल्या. मध्यरात्रीपासून पेट्रोल महाग अशी बातमी आली की आपल्याकडे लागायच्या तशाच.

भावाचा टेम्पो आहे, कराडहून वाशीच्या मार्केटला भाजी नेतो. त्याला मी विचारलं, मेमध्ये केंद्राने उत्पादन शुल्क कमी केलं, पेट्रोलला ८ आणि डिझेलला ६ रुपये, जुलैमध्ये राज्याने व्हॅट कमी करून आणखी ५ आणि ३ रुपये उतरवले, तुला किती फरक पडला? त्याला दोन्ही कपाती धड आठवत नव्हत्या. २२ मार्चपासून रोज ऐंशी-ऐंशी पैशांनी भाव वाढत होता आणि पंधरवड्यात दहा रुपये चढला, ते मात्र तारखेसकट आठवत होतं. वाढलेलं अंगावर येतं, उतरलेलं जाणवत नाही. इथले माझे सहकारी आणि माझा भाऊ यांत या बाबतीत काडीचा फरक नाही.

कर कमी करण्यावर इथे एक आक्षेप सारखा घेतला जातो. मोठी गाडी, जास्त पेट्रोल, म्हणजे जास्त सवलत. पैसा श्रीमंताकडेच जातो. आक्षेप खरा आहे. पण आमच्याकडे रात्रपाळीला एक जण येतो, वर आल्ब डोंगराच्या पठारावरच्या गावातून. त्याच्या पाळीच्या वेळेला तिथून एकही बस नाही. नऊ युरोचा पास त्याच्या उपयोगाचा नव्हता, पेट्रोलची सवलत होती. स्टुटगार्टच्या मध्यवस्तीत राहून गाडी नकोच म्हणणाऱ्यांनी त्याच्या गावात एक महिना राहून पाहावं. मी स्वतः गाडीने जाते, तेही याच कारणाने. खोऱ्यातली रेल्वे चांगली आहे, पण दोन गाड्या बदलून वेळेवर पोचण्याची हमी ती देत नाही आणि मुलीच्या शाळेची वेळ कुणासाठी थांबत नाही.

आता ते तीनशे युरो.

त्यांची रचना मला मनापासून आवडली आणि ते सविस्तर सांगते, कारण काकांच्या मेसेजवरचा माझा सगळा राग त्याच्याशीच बांधलेला आहे. एक, अर्ज नाही. कंपनी आपल्या कामगारांच्या पगारातून कापलेला कर दर महिन्याला सरकारजमा करते, त्यातूनच तीनशे वळते करून पगारात घालायचे. दोन, ही रक्कम करपात्र होती. आठवड्यातून काही तास दुकानात काम करणाऱ्या, महिन्याला साडेचारशे युरोच्या आत मिळवणाऱ्या बाईला पूर्ण तीनशे. माझ्यासारखीच्या हातात कर जाऊन दोनशेच्या आत-बाहेर. सगळ्यात वरच्या पगारवाल्याला त्याहून कमी. सगळ्यांना सारखं दिलं आणि तरी सारखं दिलं नाही. त्यासाठी कुणाला उत्पन्नाचा दाखला आणावा लागला नाही, कुणाची चौकशी झाली नाही, कुणाचं नाव यादीत चढलं नाही.

हे वाचून तुम्हाला विशेष वाटणार नाही कदाचित. पण माझी एक मावशी आहे. विधवा, मुलं हाताशी नाहीत. तिला तेव्हा श्रावणबाळ या निराधार वृद्धांच्या योजनेत महिन्याला हजार रुपये मिळू शकत होते. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत आहे असा दाखला लागायचा. म्हणजे तलाठ्याकडे जायचं, तहसीलला जायचं, आणि आपण किती गरीब आहोत ते कागदावर सिद्ध करायचं. मावशीने कधीच अर्ज केला नाही. "गावात नाव वाचून दाखवतात," एवढंच ती म्हणते. ती उपाशी नाही, पण औषधाच्या गोळ्या एक दिवसाआड घेते, हे मला ठाऊक आहे.

आणि आमच्या जिन्यासमोर एक आजी राहतात. या खोऱ्यात पूर्वी कापडाच्या गिरण्या होत्या, त्यातल्या एकीत आजींनी उमेदीची वर्षं काढली. आता पेन्शनवर एकट्या. हिवाळा सुरू व्हायच्या आधीच त्यांनी ठरवून टाकलं होतं, फक्त स्वयंपाकघर गरम ठेवायचं. ऑगस्टमध्ये इथल्या आमच्या राज्याच्या, बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या, तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, सारखी आंघोळ कशाला, ओलं फडकंही कामाचं असतं. देशभर त्यांची टिंगल झाली. आजींनी टिंगल केली नाही. युद्धानंतरच्या बालपणी त्यांच्या घरी तसंच होतं, त्यामुळे त्यांना त्यात नवीन काही वाटलं नाही. त्यांना लागलं ते वेगळंच. सप्टेंबरमध्ये तीनशे युरो मिळाले ते काम करणाऱ्यांना. पेन्शनवाल्यांना पहिल्या यादीत काहीच नव्हतं. "घरात दिवसभर बसून असतं त्यालाच गरम ठेवायला लागतं ना?" त्या मला म्हणाल्या. मला उत्तर देता आलं नाही. माझ्या घरात दिवसभर कुणीच नसतं.

बरीच ओरड झाल्यावर ४ सप्टेंबरला सरकारने तिसरं पॅकेज जाहीर केलं, ६५ अब्ज युरोंचं. त्यात पेन्शनवाल्यांना डिसेंबरमध्ये तीनशे आणि विद्यार्थ्यांना दोनशे देऊ असं म्हटलं होतं. विद्यार्थ्यांचे दोनशे कधी आणि कसे देणार, हे तेव्हा ठरलेलंच नव्हतं. माझ्या ओळखीची पुण्याची एक मुलगी इथे मास्टर्स करत होती. ती या दोनशेची वाट पाहत नव्हती, रात्री एका गोदामात पॅकिंगला जात होती.

आजींना घरभाड्याची सरकारी मदतही मिळू शकेल असं मला वाटत होतं. जानेवारी २०२३ पासून ती योजना बरीच मोठी करणार होते, सहा लाख कुटुंबांवरून वीस लाखांपर्यंत. मी एकदा विषय काढला. त्यांनी कपात कॉफी ओतली आणि मुलीच्या शाळेचं विचारलं. गोष्ट तिथेच संपली. कराड तालुक्यातली माझी मावशी आणि या आजी एकमेकींना कधी भेटणार नाहीत, एकमेकींची भाषा त्यांना कळणार नाही, पण फॉर्मसमोर दोघी सारख्याच मागे सरतात. ज्यांना खरी गरज आहे त्यांनाच द्या, असं म्हणणारे खूप आहेत, इथेही आणि तिथेही. गरज आहे हे हात वर करून सांगायला किती जणांना जमतं, हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणी विचारत नाही.

म्हणून न मागता आलेल्या पैशाची मला किंमत वाटते. तो पगारातून येतो, पेन्शनमधून येतो, तुमच्या शेजाऱ्यालाही येतो. त्यात तुम्हाला कुणासमोर उभं राहावं लागत नाही.

इथल्या आमच्या मराठी मंडळींमध्ये यावर जोरात चर्चा झाली. एकांचं म्हणणं, आपल्याला हे नकोच होते, आपण चांगलं कमावतो. त्यांना मी कराचं गणित सांगितलं. आपल्याकडे पीएम किसानमध्ये आयकर भरणाऱ्या शेतकऱ्यांना पैसे गेले आणि मग तहसीलमधून परत करा म्हणून नोटिसा निघाल्या. भावाच्या शेजारच्या वस्तीवर एकाला आली. मास्तर होते ते, निवृत्त. गावात चार दिवस तीच चर्चा. रक्कम काय, सहा हजार वर्षाला. पण माणूस चोरी केल्यासारखा मान खाली घालून फिरला. इथे तोच भाग कराने आधीच उरकला. जास्त कमावणाऱ्याकडून सरकारने तिथल्या तिथे काढून घेतलं आणि कुणाची अब्रू गेली नाही.

मात्र एका बाबतीत माझी मान इथे ताठ असते. या एवढ्या श्रीमंत देशाच्या सरकारकडे २०२२ मध्ये आपल्या नागरिकांच्या बँक खात्यांची यादीच नव्हती. प्रत्येकाला कर क्रमांक होता, पण तो खात्याशी जोडलेला नव्हता. म्हणूनच पैसे कंपन्यांमार्फत द्यावे लागले आणि जे कुठल्याच कंपनीत नव्हते ते लटकले. आजी लटकल्या, विद्यार्थी लटकले. आमच्या विभागात मी सांगितलं की १७ ऑक्टोबर २०२२ ला भारतात पीएम किसानचा बारावा हप्ता गेला, १६,००० कोटी रुपये, आठ कोटींहून जास्त शेतकऱ्यांच्या थेट खात्यात, आणि माझ्या भावाच्या मोबाईलवर पैसे पडल्याचा मेसेज आला. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी खुर्ची वळवून मला पुन्हा सांगायला लावलं. आठ कोटी म्हणजे त्यांच्या अख्ख्या देशाइतके लोक. हे आम्ही करू शकतो. फॅक्सवर चालणाऱ्या कार्यालयांच्या देशात बसून हे सांगताना मला फार बरं वाटलं.

भावाचे पैसे पडले, पण त्याच्या सासऱ्यांचे अडकले, केवायसीच्या मशीनवर अंगठा उमटेना म्हणून. जन्मभर खुरपं धरलेल्या बोटांवर रेषाच राहिलेल्या नाहीत. हे मी त्या बाईंना सांगितलं नाही. घरातलं उणं परक्यापुढे काढत नाहीत, आणि त्यांनीही इथल्या अशा आजींबद्दल मला आपण होऊन काही सांगितलं नव्हतं.

काकांचं रेवडीचं बोलणं जिथून आलं तेही बघू. १६ जुलैला बुंदेलखंड महामार्गाच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी रेवडी संस्कृतीवर, म्हणजे मतांसाठी फुकट वाटण्यावर, टीका केली. त्यानंतर काही आठवड्यांतच इथल्या तेव्हाच्या अर्थमंत्र्यांनी, नऊ युरोचा पास पुढे चालू ठेवा म्हणणाऱ्यांना, ही फुकटेपणाची मानसिकता आहे असं सुनावलं. दोन देश, एक उन्हाळा आणि भाषणं अगदी सारखी. मला राग याचा आला, की पेट्रोलवरची सवलत याच अर्थमंत्र्यांच्या पक्षाने आग्रहाने आणलेली होती. मी गाडीत पेट्रोल भरलं, लिटरमागे पस्तीस सेंट वाचवले, तेव्हा मला कुणी फुकटी म्हटलं नाही. आमच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासणारी बाई जुलैमध्ये तिच्या तीन मुलांना घेऊन नऊ युरोत बोडनसे तळ्यावर गेली. मुलांनी ते तळं पहिल्यांदा पाहिलं, इथून जेमतेम दोन-तीन तासांवर असून. सोमवारी ती सगळ्यांना मोबाईलवर फोटो दाखवत होती. गाड्या खच्चून भरलेल्या होत्या, उभं राहायला जागा नव्हती, आमच्याही वाट्याला तो त्रास आला. तरी पाच कोटींहून जास्त पास विकले गेले, ते काय सगळे फुकटे?

काकांबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांची पंचाहत्तरी झाली आणि ऑगस्टअखेरीपासून राज्याने पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत केला. काका काकूंना घेऊन पंढरपूरला जाऊन आले, कळसाचा फोटो ग्रुपवर टाकला. मला तो बघून इतका आनंद झाला की मी मुलीला बोलावून दाखवला. आयुष्यभर ज्यांनी नियमाने कर भरला, सोसायटीचे हप्ते फेडले, त्यांनी म्हातारपणी तिकीट न काढता विठ्ठलाला जावं यात मिंधेपणा कसला? मग त्याच राज्यात वहिनीने रेशनच्या दुकानातून शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल आणलं, त्या आनंदाच्या शिध्याला काकांनी नाक का मुरडावं? वहिनीच्या करंज्या त्याच रव्याच्या होत्या. काकांना आवडतात म्हणून तिने डबा भरून पाठवला होता.

एक फरक मात्र मी सोडून देणार नाही. माझ्या पगाराच्या स्लिपवर ओळ आली, रक्कम आली, त्याखाली कुठल्याही नेत्याचा फोटो आला नाही. पंपावर पेट्रोल पस्तीस सेंटनी उतरलं तेव्हा पंपावर चान्सलरचं पोस्टर लागलं नाही. मी इथे लस घेतली, त्या प्रमाणपत्रावर एक चौकोनी कोड आहे, बस. आईचं भारतातलं प्रमाणपत्र मी बघितलं, त्यावर पंतप्रधान आहेत. आपल्या पंपांवरची उज्ज्वलाची मोठमोठी होर्डिंग तुम्ही रोज बघता. पक्ष कुठलाही असो, राज्य कुठलंही असो, साडीपासून सायकलपर्यंत सगळ्यावर चेहरा लागतो. मला वाटतं काकांना खरं खुपतं ते हे. पैसा आपला, आपल्याच पेट्रोलवरच्या करातून आलेला. केंद्राचं शुल्क मे २०२२ पर्यंत लिटरमागे जवळजवळ २८ रुपये होतं, कपातीनंतरही वीसच्या आसपास होतं, वर राज्याचा व्हॅट आणि अधिभार. आणि त्यातला थोडा परत देताना कुणीतरी हात जोडून फोटोत उभं. त्याने मदत घेणारा लहान होतो. राग तिथे काढा ना, रवा घेऊन जाणाऱ्या बाईवर कशाला?

माझ्या तीनशेचं काय झालं तेही विचारलं गेलं. आमच्या मंडळींपैकी काहींनी आपले पैसे इथल्या टाफेलला दिले. टाफेल म्हणजे दुकानांत उरलेलं चांगलं अन्न गोळा करून गरजूंना देणाऱ्या संस्था, देशभर साडेनऊशेच्या वर आहेत. त्या वर्षी तिथल्या रांगा इतक्या वाढल्या की बऱ्याच ठिकाणी नवीन माणसांची नावं घेणं थांबवलं होतं. ज्यांनी दिले त्यांनी चांगलं केलं. मी दिले नाहीत. घरमालकाचं पत्र आलं, ऑक्टोबरपासून गॅसचा मासिक आगाऊ हप्ता दुपटीवर. सरकारने तेव्हा गॅसवरचा व्हॅट १९ वरून ७ टक्के केला होता तो धरूनही. माझे कर कापून आलेले पैसे त्यातल्या दोन महिन्यांच्या वाढीलाही पुरले नाहीत. मी इथे कर भरते, पेन्शन फंडात भरते, बेकारी विम्यात भरते. कंपनीत तेव्हा घरातल्यासारखी शाल घेऊन बसत होते, कारण सरकारी कचेऱ्यांना १९ अंशांची मर्यादा आली आणि आमच्या कंपनीनेही तीच धरली. हे पैसे माझ्या हक्काचे होते आणि मी ते हक्काने ठेवले. आईला दिवाळीला पाठवते ते दरवर्षीप्रमाणे पाठवले, त्यात कमी केलं नाही.

भावाला मी सांगितलं, डिझेल इथे अजून दोन युरोच्या वरच आहे. त्याने मनात गुणाकार केला असावा, थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजी तासाभराच्या मजुरीत किती येतं ते सांग." किमान मजुरी ऑक्टोबर २०२२ पासून तासाला १२ युरो झाली होती, म्हणजे पाच-साडेपाच लिटर. तिकडे शेतात दिवसभर राबल्यावर तेवढं येतं. "मग कशाला रडतात ती लोकं?" असं त्याने विचारलं. मला त्यावर पटेल असं काही सांगता आलं नाही. गॅसच्या बिलाने घाबरलेली माणसं मी रोज बघत होते आणि त्याचा प्रश्नही चुकीचा नव्हता.

मग पुढच्या हिवाळ्याचा विषय. तज्ज्ञांच्या आयोगाने ऑक्टोबरमध्ये सुचवलं की डिसेंबरचा गॅसचा हप्ता सरकारने भरावा आणि वसंतापासून वापराच्या ८० टक्क्यांपर्यंत गॅस किलोवॅट तासाला १२ सेंटच्या दराने मिळावा. सरकार ते मान्य करेल अशीच चिन्हं होती, त्यासाठी २०० अब्ज युरो काढून ठेवले होते. आम्हा भाडेकरूंना त्याचा फायदा घरमालकाच्या वार्षिक हिशेबातून, म्हणजे पुढच्या वर्षी कधीतरी मिळणार होता. आजींचा करार थेट गॅस कंपनीशी होता, त्यांचा हप्ता तिथेच सुटणार होता. मी त्यांना हे समजावून सांगितलं. डिसेंबरमध्ये तीनशे येतील तेही सांगितलं. किती मिळणार हे त्यांनी विचारलं नाही. त्यासाठी खरंच काही लिहून द्यावं लागणार नाही ना, एवढंच दोनदा विचारून घेतलं.